मधला कॉलम

दुकानाचं शटर रुंद करायला मन्मथअप्पांनी मधला कॉलमच तोडला, तेव्हा इंजिनियर राजशेखर त्यांच्यावर जाम भडकला.

"अप्पा, वरचे दोन मजले त्याच्याच जिवावर उभे होते! कॉलम परत बांधेस्तोवर वर एका लेकरालाबी झोपवू नका."

अप्पा घाबरले. त्याच आठवड्यात सगळं बिऱ्हाड लातूरच्या दुसऱ्या टोकाला, नव्या घरात हललं.

दिवाळीनंतर राजशेखर दुकानावरून चालला होता. कॉलम काही अजून उभा राहिला नव्हता.

"तुमचं ऐकलं बरं का साहेब," अप्पा गल्ल्यावरून हसले. "नातवंडं तिकडं निवांत झोपतेत."

निदान जीव तरी वाचले, म्हणत राजशेखरनं सुस्कारा सोडला आणि सहज वर पाहिलं.



गॅलरीत नवी पाटी होती: 'क्लासच्या मुलींचे होस्टेल. घरगुती वातावरण.'