म्हाताऱ्या बिबट्याचं जेवण

आता हे कोणाला पटायचं नाही, पण आंबोलीच्या रानात तेव्हा बिबट्याची विष्ठा यंत्रात घातली, की यंत्र त्याची शेवटची तीन जेवणं पानात वाढल्यासारखी सांगायचं. विष्ठा गोळा करणाऱ्या धाकलू गवसाला वाटायचं, यंत्राला फार तर हाडं-केस कळत असतील. म्हणून म्हाताऱ्या बिबट्याची पुडी त्यानं सवयीनं स्वतःच आणून दिली.

यंत्र म्हणालं, "नाचणीची भाकरी, कुळथाच्या पिठीत कुस्करलेली. तिन्ही वेळा."

संशोधक इरावतीबाई चक्रावल्या. यंत्र बिघडलं की बिबट्या? धाकलू तर त्यांच्याहून गोंधळला. माणसाच्या हातचं खाणारं जनावर जन्मभर पिंजऱ्यात, असा नियम होता.

"चोरता मेलो!" तो घाईघाईनं म्हणाला. "खोटा सांगत नाय, बाई. काल झाडाखाली डबो उघडलंय, तर वरसून शेपटेन उचलून नेल्यान! आणि धुवन परत दिल्यान!"

इरावतीबाईंनी नोंद उमटायच्या आत यंत्र बंद केलं.

"थापा पुरे, धाकलूमामा. चोर कधी भाकरी कुस्करून खातो? दात पडलेत ना त्याचे?"