जातो म्हणू नये

नोकरी लागल्यापासून लेक सलग दोन दिवस माझ्या वाट्याला आली, ती या वाळवंटातच.

"बाबा, त्या टेकडीवर पाठमोरे उभे राहा. फोटो काढते."

"बरं, जातो."

"येतो म्हणावं हो!" ती रागावली. मी हसलो.

तिनं हात केल्यावर परत आलो. ती कॅमेऱ्यात डोकं खुपसून बसली होती. सहज मागे पाहिलं. वाळूत माझी पावलं फक्त टेकडीकडे गेली होती. परतीचं एकही नव्हतं.

"आलो गं," मी तिच्या कानाशी म्हणालो.

तिनं मान वर केली आणि टेकडीकडे बघून हाक मारली, "बाबा, पुरे! या आता."

"आलो गं, आलो!" टेकडीवरून माझ्याच आवाजात उत्तर आलं.

लेकीनं हसून थर्मासमधून दुसऱ्या कपात चहा ओतला.