बत्तीस वेळा चावा

दिल्लीत करोल बागेतल्या आमच्या मराठी मेसमध्ये पोळ्या हव्या तेवढ्या मिळायच्या. आम्ही यूपीएससीवाले जनावरांसारखे त्या गिळायचो आणि क्लासमध्ये पोट धरून बसायचो. एक दिवस मेसवाल्या विश्वासकाकांनी भिंतीवर पाटी ठोकली, "एक घास बत्तीस वेळा चावा. पचन सुधारेल."

"काका, काळजी आमच्या पोटाची की तुमच्या कणकेची?" परभणीच्या हेरंबने तोंडावर विचारलं.

"तुझ्या पोटाचीच रे. चावून तर बघ यार!"

महिनाभर आम्ही इमानदारीत चावलं. ॲसिडिटी गेली, पोटं साफ झाली आणि भूक अशी कडकडून लागायला लागली, की चार पोळ्यांवर उठणारा हेरंब नवावर पोचला.



सोमवारी भिंतीवर नवी पाटी होती, "जास्त चावल्याने दात झिजतात."