पाहुणे यायच्या आत

ओढा स्वच्छ होता. इतका स्वच्छ, की पाणीवाली धावतच काठाशी गेली.

हे नाव तिला गल्लीने ठेवलेलं. एम.टेक.च्या प्रबंधासाठी ती वर्षभर गमबूट चढवून ओढ्यात उभी असायची आणि राहायची काठावरच, शिलाईचं दुकान चालवणाऱ्या मावशीकडे. गेल्या पुरात त्या दुकानात पाणी शिरलं होतं, लोकांचे शिवायला आलेले कपडे चिखलात गेले होते. पुन्हा तसं होऊ नये म्हणून तिने वर मैदानाजवळ ओढ्यात ओंडके आडवे बांधले होते. आज एकही ओंडका जागेवर नव्हता. नुसत्या खुंट्या उभ्या होत्या.

"बघ, कसा लख्ख केलाय!" मावशी मागून आली. गळ्यात टेप, हातात खराटा आणि चेहऱ्यावर अख्ख्या गल्लीचं पुण्य. "उद्या तुझे सर येणार ना बघायला? म्हटलं, पाहुणे यायच्या आत आवरून ठेवू. सगळ्या गल्लीने हातभार लावला. केवढाली लाकडं अडकली होती, बाई! आणि कुण्या मेल्याने ती बांधूनसुद्धा ठेवलेली!"

"मावशी, तो मेला म्हणजे मी."

तेवढ्यात सरांचा फोन आला. वर डोंगरात मुसळधार पाऊस सुरू झाला होता. दुपारी पाणी खाली पोचेल, ओंडके कसे टिकतात ते लांबूनच बघ, असं ते सांगत होते. "हो सर," एवढंच तिच्या तोंडातून निघालं.

मग तिने मावशीला सांगितलं. रोजचं पाणी ओंडक्यांखालून निमूट जातं. पूर आला की ते त्याला आडवे येतात. पाणी मैदानात पसरतं, दमतं आणि मग सावकाश खाली येतं. आता ते धावत येणार होतं. थेट दुकानात.

मावशीने हातातला खराटा आपटला. "मग हे आधी सांगायला तुझं तोंड शिवलं होतं का गं?"

विद्यापीठात तिने तोंड दुखेपर्यंत समजावलं होतं. गल्लीत कुणाला अवाक्षर बोलली नव्हती.

"म्हणजे आम्हीच चोराला दार उघडून दिलं म्हणायचं," शेजारचे कुलूपवाले काका म्हणाले.

"चोर अजून यायचाय," मावशी पदर खोचत म्हणाली. "उचला लाकडं!"

ज्यांनी काढले, त्यांनीच ओंडके परत वाहून नेले. सगळ्यात जाड ओंडका बेकरीत भट्टीशेजारी निघाला. बेकरीवाला कळवळला. "आत्ता कुठे वाळायला लागला होता!"

"परत भिजव," मावशी म्हणाली. "नाहीतर भट्टी भिजेल."

खुंट्या जागेवर होत्या म्हणून निभावलं. पाणीवाली जागा दाखवत होती, मावशी गाठी मारत होती, आणि काका कुठे फट दिसली की त्यात दगड ठोकायला धावत होते.

"घट्ट नको, काका! खाली फट हवी. त्याला कोंडायचं नाहीये, दमवायचंय."

"जन्मात पहिल्यांदा कोणी मला ढिलं बसवायला सांगतंय," काका पुटपुटले, पण त्यांनी दगड काढला.

ढग काळवंडले तशी तिने सगळ्यांना काठावर घेतलं, खाली आणलं. दुकानातले कपडे वरच्या फळीवर गेले. मग फक्त वाट बघणं उरलं.

आधी आवाज आला, मागोमाग तांबडं पाणी. दुकानाची खालची पायरी बुडाली. मधली बुडाली. मावशीच्या ओठांवर देवाचं नाव सुरू होतं. पाणीवालीला नोंदी घ्यायच्या होत्या. ती नुसत्या पायऱ्या मोजत होती. वरच्या पायरीला पाणी लागलं. उंबरा तेवढा उरला.

"आलं!" बेकरीच्या गच्चीवरून आरोळी आली. "मैदानात आलं! पार तळं झालंय!"

पुराची बातमी इतक्या आनंदाने कोणी कधी दिली नसेल.

पाणी वरच्या पायरीशी घुटमळलं. चाटत राहिलं. आणि मग पायरीच्या कडेला ओली, चमकती पट्टी दिसू लागली. बोटभर. दोन बोटं.

"उतरतंय," ती म्हणाली. मग ओरडली, "मावशी, उतरतंय!"

मावशीने वर बघून हात जोडले. मग वळून भाचीलाही जोडले. "त्याची कृपा आणि तुझे ओंडके. कोणाला कमी नको, कोणाला जास्त नको." आणि तिथेच शिलाई मशीनवर डोकं टेकून ती रडली, हसली, दोन्ही.

दुसऱ्या दिवशी सर आले. पाणीवालीने काही लपवलं नाही. ते ऐकत ऐकत ओंडक्यांपाशी जाऊन उभे राहिले. काटक्या, गवत, फाटकं पोतं, कुणाची तरी एक चप्पल, सगळं तिथे अडकून बसलं होतं. फोटो नीट यावा म्हणून सर वाकले आणि त्यांनी चपलेकडे हात नेला.

"अहो, सर!" काठावरून मावशी कडाडली. "हात लावू नका! आवरून ठेवलंय ते."