मुखवट्याची आतली बाजू

चंद्रीच्या हातातला नरसिंहाचा मुखवटा फरशीवर पडला आणि त्याचा कान तुटला. वर्ग घेणाऱ्या वृषालीबाई धावत आल्या. गावाने बोहाड्याच्या उत्सवात नाचवायचे मुखवटे विश्वासाने शाळेला दिले, म्हणून तर कलेचा तास सुरू झाला होता. आता तो बंद पडणार.

तेवढ्यात मुखवटे सांभाळणारे भोयेबाबा दारात आले. त्यांनी कान उचलला, मुखवटा पालथा केला.

“बाबा, चूक माझी,” बाई पुटपुटल्या.

“इकडं ये, पोरी.”

चंद्री बाबांजवळ गेली. मुखवट्याच्या आतून कागदाची जुनी ठिगळं दिसत होती.

“हे माझ्या बापाचं, त्याच्या हातून पडला तेव्हाचं. हे माझं.” त्यांनी तिचं बोट मोडल्या जागेवर टेकवलं. “इथं तुझं लागंल. कागद भिजव.”