तासाभराची बडबड

“माझा पट्टा बांध आणि बिनधास्त बोल! तासभर माझी बडबड तुला उसनी,” म्हणत सुहानीने मनगटावरचा पट्टा सोडून इलियासला दिला.

विज्ञान प्रदर्शनातल्या त्यांच्या गटाचा नियमच होता, ज्याला जे येत नाही, ते काम त्याचं. म्हणून सकाळी इलियासचा पट्टा बांधून, त्याचं कसब तासभर उसनं घेऊन सुहानीने प्रकल्पाच्या तारा जोडल्या होत्या. आता चारचौघांत गप्प बसणाऱ्या इलियासची परीक्षकांसमोर बोलायची पाळी होती. तो अडखळला तर प्रकल्प बाद!

पण इलियास असा काही बोलला की परीक्षकही टाळ्या वाजवत उठले!

“काय भन्नाट पट्टा आहे गं तुझा!” तो धावत आला.

सुहानीने पट्ट्यावरचं नाव वाचलं आणि ती किंचाळलीच, “अरे येड्या, घाईत मी तुला तुझाच पट्टा दिला!”