एका वेळची धार

रेवणप्पा चार दिवस झाले मागल्या दारानं ये-जा करत होता. तेही वहाणा हातात धरून, गोठ्यातून, शेणात पाय भरवत. मॅट्रिक झालेला, अडतीच्या दुकानात गादीला टेकून बसणारा लेक असा चोरासारखा घरात शिरतो, हे चंद्रव्वाला बघवत नव्हतं. समोर काशम्मा राहत होती. तिचं तोंड चुकवायला हा सगळा खटाटोप.

काशम्मा विधवा, एकटी. पाटल्या मोडून तिनं गौरीशंकर गिरणीचे शेअर घेतले ते रेवणप्पाच्या शब्दावर. आणि तो शब्द मठात, बायकांच्या घोळक्यात मिरवला होता चंद्रव्वानंच. "आमचा रेवणप्पा सांगतोय, दुसऱ्या गिरणीत सालाला रुपया कमाई करनाऱ्या शेअरला बारा रुपये मोजावं लागत्यात. हितं पाचात काम हुतंय!"

आता गौरीशंकरचा भाव निम्म्यावर आला होता. रेवणप्पानं स्वतः घेतलेले शेअरही त्यातच अडकले होते.

आज चंद्रव्वा गोठ्यातच त्याची वाट अडवून उभी राहिली.

"कुटं गेली रे ती कमाई?"

"ती त्या एका सालाचीच हुती, अव्वा." रेवणप्पा हातातल्या वहाणांकडे बघत बोलला. "गिरणीमागची जागा विकली त्यांनी. त्येच पैसे नफ्यात दाखवले. त्येच्या आधीच्या सालांत काय मिळवलं, मी इचारलंच न्हाय. स्वस्त दिसलं."

चंद्रव्वानं शेजारच्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवला.

"हिला घेताना किती वेळा धार काढून बघितलीस?"

"तीनदा."

सिद्धेश्वराच्या जत्रेत त्याला कोण फसवणार होतं! एका वेळची धार न काढता, कास तुंबवून म्हैस बाजारात उभी करतात, हे त्याला आईनंच शिकवलं होतं.

"आनि गिरणीला?"

रेवणप्पा पायाचं शेण खांबाला पुसू लागला. चंद्रव्वानं म्हशीच्या पाठीवरचा हात काढून घेतला. मठात मिरवताना तिनं तरी कुठं विचारलं होतं?

तेवढ्यात पुढच्या दारातून हाक आली. काशम्मा उंबऱ्यात उभी होती, हातात फडक्याची पुरचुंडी.

"अक्का, रेवणप्पा हाय का घरात? गिरणी निम्म्या भावात मिळायलीय म्हनं. म्हंजे रुपयाला अडीचच की आता! पेटीतली बोरमाळ आनलीया. हिचं बी शेअर घिऊन टाक म्हनावं."

"आले, आले," चंद्रव्वा कशीबशी म्हणाली. पाय मात्र हलला नाही.

रेवणप्पानं तिच्या कानाशी तोंड नेलं. "घिऊ दे की, अव्वा. घेनारं वाढलं तर भाव चढंल. मग आपलं शेअर इकून आपलं बी पैसे निघतील."

 चंद्रव्वानं वळून मागल्या दाराची कडी घातली. सासऱ्यापुढंसुद्धा तिचा पदर कधी कपाळाखाली उतरला नव्हता. तो तिनं हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

"फसलास, त्याचं काय न्हाय. मी बी फसले. पर म्हैस आटलीय हे ठाव असून तू काशम्मालाच ती परत विकाया निघालास, रेवणप्पा. जा, पुढल्या दारानं जा. तू तिला खरं सांगेपत्तुर माझं तोंड कुनाला दिसायचं न्हाय."